माळावरचा तरवड

१९५४ साली पिंपरीच्या माळावर हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि चिंचवड, भोसरी, पुढे चाकणपर्यंतचे माळ एकामागून एक कारखान्यांनी व्यापले. पावसाळा ओसरताना या माळांवर पिवळाधमक फुलणारा तरवड पडीक जमिनीवरचे झुडूप म्हणून उखडला गेला. आज कारखान्यांच्या दारांशी आणि गृहसंकुलांच्या आवारांत त्याऐवजी हिरवळ आणि अमेरिकेतून आलेल्या ड्युरांटाचे कातरलेले कुंपण दिसते. ज्या पिंपरी-चिंचवडला २०१९ च्या नोव्हेंबरपासून दिवसाआड पाणी मिळू लागले, तेथे अशी तहानलेली हिरवळ जोपासणे ही चैनच म्हटली पाहिजे.

तरवडाची गोष्ट निराळी. मुरूम आणि कडक ऊन त्याला मानवते. पाणी साचणारा खड्डा मात्र सोसत नाही. माळावरून रोप उपटून आणण्याचा मोह टाळावा, कारण खोल गेलेले मूळ तुटते आणि रोप जगत नाही. वाळलेल्या चपट्या शेंगांतील बी टणक कवचाचे असते. ते कढत पाण्यात घालून रात्रभर ठेवावे व मृगाचा पाऊस झाल्यावर ठरलेल्या जागीच पेरावे. पहिल्या उन्हाळ्यात अधूनमधून पाणी दिले की पुढे फारशी काळजी उरत नाही. गुरेही त्याला सहसा तोंड लावीत नाहीत, म्हणून कुंपणाकाठी तो निर्धास्त वाढतो.

शोभेच्या झाडांत त्याची गणना होत नाही, हा आक्षेप खरा. उन्हाळ्यात तो रुक्ष दिसतो, हेही खरे. परंतु आपण ज्याची साल केवळ कातडी कमावण्यापुरती ओळखली, त्याच्या फुलाला शेजारच्या तेलंगणाने राज्यपुष्पाचा मान दिला आणि तेथील स्त्रिया बतुकम्माची आरास त्या फुलांनी सजवितात.

या फुलात मध नसतो. भुंगा येतो तो परागासाठी. तो पंखांच्या स्नायूंनी फूल थरथरवितो, तेव्हा पुंकेसरांच्या छिद्रांतून पराग बाहेर पडतो. पानांवर हिरव्या अळ्या दिसल्या, तर माळ्याने लगेच औषधाचा पंप उचलू नये. त्यांची फिकट पांढरी फुलपाखरे होतात आणि कुरतडलेल्या फांद्यांना नवी पालवी फुटते.