तारप्याचा ताफा आणि त्याचा नायक

२०२६ च्या प्रजासत्ताक दिनाच्या पूर्वसंध्येला केंद्र सरकारने पद्म पुरस्कारांची यादी जाहीर केली. त्या यादीत पद्मश्रीच्या मानकऱ्यांमध्ये भिकल्या लाडक्या धिंडा हे नाव होते. पालघर जिल्ह्यातील जव्हार तालुक्यातले वाळवंडा हे त्यांचे गाव आणि तारपा हे त्यांचे वाद्य. वयाची नव्वदी ओलांडलेल्या या वारली कलावंताच्या घरात तारपावादन पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. त्यांच्या सन्मानाने जव्हार-मोखाड्याच्या डोंगरपट्टीला जसा आनंद झाला, तसाच तो खाली किनारपट्टीवर राहणाऱ्या आपल्यालाही झाला.

अभिनंदनाचे फलक लागतात आणि काही दिवसांनी उतरतात. त्यानंतर विचारावयाचा प्रश्न असा की, हा तारपा म्हणजे नेमके काय, तो वाजविणाऱ्या माणसाचे आपल्या ताफ्यात स्थान कोणते, आणि भिकल्याबाबांच्या मागे तो वाजविणार कोण? आपल्यापैकी अनेकांनी तारपा भिंतीवरच्या वारली चित्रात पाहिला आहे. मात्र तो रात्रभर ऐकलेले थोडेच असतील. म्हणून या वाद्याची आणि त्याभोवती उभ्या राहणाऱ्या ताफ्याची ओळख वाचकांना करून द्यावी, असे आम्हांला वाटले.

भोपळा, बांबू आणि ताडाचे पान

तारपा दुकानात विकत मिळत नाही. तो घडवावा लागतो आणि घडविण्याचे सामान शेतातून व रानातून आणावे लागते. दुधी भोपळ्याच्या जातीचे फळ वेलीवर जून होऊ देतात, मग ते वाळवून आतून पोकळ करतात. हा भोपळा म्हणजे वाद्याची हवेची पेटी. त्याच्या एका बाजूला फुंकण्यासाठी छिद्र असते. दुसऱ्या बाजूने बांबूच्या दोन नळ्या आत बसवितात. नळ्यांच्या भोपळ्यातील टोकांशी बांबूचीच पातळ जिभली असते. हवेच्या दाबाने ती थरथरते आणि स्वर निघतो. गारुड्याच्या पुंगीचे तत्त्व हेच आहे. नळ्यांवर बोटांनी झाकावयाची भोके असतात, त्यांच्यावर सूर फिरतो. सांधे मेणाने बंद करतात. शेवटी ताडाची पाने गुंडाळून केलेला लांब कर्णा नळ्यांच्या टोकाला जोडतात. त्यामुळे आवाज भरदार होऊन दूरवर जातो. काही तारपे माणसाच्या उंचीहूनही लांब असतात.

अशा वाद्याला श्वासाचा खंड चालत नाही. वादक नाकाने श्वास आत घेत असतानाच गालांत साठविलेली हवा तोंडाने भोपळ्यात सोडीत राहतो. त्यामुळे स्वर तुटत नाही. हा दम साधणे हे तारप्याचे पहिले शिक्षण आणि तेच सर्वांत कठीण. ते पुस्तकातून येत नाही. लहान वयात जाणत्या वादकाच्या शेजारी रात्री काढून ते अंगात भिनवावे लागते. भिकल्याबाबाही आपल्या घरच्या वडीलधाऱ्यांकडून लहानपणीच तारपा शिकले.

ताफ्याचा नायक

आपल्याकडे लग्नाला बँड बोलावतात तेव्हा वाजविणारे पुढे आणि वऱ्हाडी मागे असतात. गाणारा गातो, ऐकणारे ऐकतात. तारप्याच्या नाचात अशी विभागणी नसते. येथे ताफा म्हणजे सारा पाडा. स्त्रिया व पुरुष एकमेकांच्या कमरेभोवती हात गुंफून एक लांब साखळी करतात. साखळी पूर्ण वर्तुळ होऊन बंद होत नाही. शंखाच्या वेटोळ्याप्रमाणे ती गुंडाळत आणि उलगडत जाते. साखळीच्या अग्रभागी असणारा गडी घुंगुरकाठी जमिनीवर आपटून ताल धरतो. आणि मध्यभागी तारपा वाजविणारा असतो.

तारपकरी हा या ताफ्याचा नायक. तो वळतो तशी साखळी वळते. त्याने चाल बदलली की पावले बदलतात. या चालींना चाळे म्हणतात. कोणता चाळा लागला हे पहिल्या काही स्वरांतच नाचणाऱ्यांना कळते, आणि पाय डावीकडे न्यायचे की उजवीकडे याचा निर्णय त्यावर होतो. तोंडाने एक शब्दही न उच्चारता तो पन्नास माणसांना सांभाळून नेतो. नाचणारे तारप्याकडे पाठ करीत नाहीत, असा रिवाज आहे. वाद्याला दिला जाणारा हा मान त्या माणसाला मिळणाऱ्या टाळ्यांहून मोठा असतो.

तारप्याला काळवेळही आहे. भात, नाचणी आणि वरई यांवर या डोंगरपट्टीचे जीवन चालते. नवे पीक हाती येऊ लागते तेव्हापासून दिवाळीपर्यंतचे दिवस हे तारप्याचे मुख्य दिवस. त्यातच वाघबारस येते आणि वाघदेवाची पूजा होते. नव्या धान्याचा पहिला घास देवाला, आणि त्या आनंदात रात्रभर नाच, असा हा क्रम आहे. म्हणून तारपा हे केवळ करमणुकीचे वाद्य नव्हे. धान्याविषयीची कृतज्ञता त्यातून व्यक्त होते.

प्रत्येक प्रसंगाचा आवाज निराळा

एवढ्यावरून जव्हार-मोखाड्यात केवळ तारपाच वाजतो, असे समजू नये. तेथे वारली आहेत, कोकणा आहेत, कोळी महादेव, ठाकूर, कातकरी आहेत. महादेव कोळी मुकणे घराण्याचे जव्हार संस्थान १९४८ साली विलीन होईपर्यंत येथे नांदत होते. वेगवेगळ्या समाजांनी आपापल्या प्रसंगांसाठी वेगवेगळे सूर राखले आहेत.

वारली लग्नात मुख्य गायिका असते ती धवलेरी. परंपरेनुसार वारली लग्न तीच लावते. तिच्या गाण्याने देवांना आवतण जाते. सवासिनी तांदळाच्या पिठाने घराच्या भिंतीवर लग्नाचा चौक लिहितात, त्यात पालघट देवी अवतरते, आणि धवलेरीच्या गाण्यावाचून तो चौक पुरा होत नाही. आपण ज्याला लग्नविधी म्हणतो तो येथे एका स्त्रीच्या कंठात सामावलेला आहे. कोणत्याही ताफ्याच्या प्रमुख गायकाला एवढा अधिकार क्वचितच मिळत असेल.

धान्याची देवता कणसरी हिची कथा भगत गातो. तेव्हा त्याच्या हाती घांगळी असते. दांडीला दोन भोपळे लावून केलेले हे तंतुवाद्य आहे. तिचा आवाज धीमा असतो, कारण तिच्यावर कथा सांगावयाची असते. होळीनंतर गावोगावी बोहाडा होतो. देवदानवांचे मुखवटे चढवून सोंगे रात्रीच्या उजेडात नाचत येतात, आणि त्यांच्या पुढे संबळ व पिपाणी वाजते. मोखाड्याचा बोहाडा तर दूरवर प्रसिद्ध आहे. असे वर्षाचे चक्र आहे. कोणते वाद्य केव्हा काढावयाचे आणि केव्हा खुंटीला टांगावयाचे, हे तेथील माणसाला कॅलेंडर न पाहता कळते.

चित्र दूर गेले, सूर मागे राहिला

तारप्याचे वेटोळे जगभर पोहोचले ते चित्रातून. डहाणू तालुक्यातील गंजाडजवळचे जिव्या सोमा मशे यांनी १९७० च्या दशकात भिंतीवरची ही कला कागदावर आणि कापडावर आणली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१८ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्यानंतर अनेक तरुण चित्रे काढू लागले. आज साड्यांवर, पिशव्यांवर, कार्यालयांच्या भिंतींवर तारपकरी आणि त्याच्याभोवतीची माणसे दिसतात.

चित्र पुढे गेले आणि वादन मागे पडले, याचे कारण साधे आहे. चित्र एकदा काढले की त्याला दूर पाठविता येते, त्याची किंमत ठरते, आणि चित्रकाराच्या घरी चार पैसे येतात. तारप्याला वाजविणारा हवा आणि नाचणारा पाडाही हवा. पाडाच रिकामा झाला तर नायक कोणाला वळविणार?

हंगाम आणि स्थलांतर

येथेच या विषयातील खरी चिंता आहे. जव्हार-मोखाड्यात पाऊस धो धो पडतो, पण डोंगरउतारावरून वाहून जातो. शेती एका पिकाची. मोखाडा तालुक्यात २०१४ साली पूर्ण झालेल्या मध्य वैतरणा धरणाचे पाणी मुंबईची तहान भागविते, आणि त्याच तालुक्यातील पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. पीक घरात आले की काम संपते. मग मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबे मुलाबाळांसह वसई, भिवंडी, कल्याणच्या बाजूला वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात. ती परततात ती पावसाच्या तोंडावर.

तारप्याचा हंगाम संपतो तेव्हा स्थलांतराचा हंगाम सुरू होतो. पूर्वी तरुणांना शिकण्यासाठी वर्ष मोकळे असे; भोपळा वाळवावयाला, नळ्या कोरावयाला, चाळे घोकावयाला वेळ असे. आता त्या वेळेत ते विटा थापतात. लग्नाच्या दिवसांतही पुष्कळदा डीजेचा टेम्पो आणणे सोपे पडते, कारण त्याला तालीम लागत नाही. तरुणांना कलेची आवड उरली नाही, अशी तक्रार ऐकू येते, पण ती आम्हांला उथळ वाटते. दरवर्षी ९ ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनी, जव्हारच्या रस्त्यांवर तारप्याच्या तालावर थिरकणारी मुले-मुली पाहिली की आवड आहे हे पटते. त्यांना हवे आहे ते गावात राहण्यापुरते काम.

आपला वाटा

आपल्या शाळा-महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांत आणि संस्थांच्या समारंभांत हल्ली तारप्याचे पथक बोलाविण्याची प्रथा पडली आहे. ती चांगली आहे. तथापि पाहुणे मंचापर्यंत पोहोचेतो पाच मिनिटे वाजवून घ्यावयाचे आणि मग पथकाला मंडपाच्या मागे बसवावयाचे, हे त्या कलेला शोभत नाही आणि आपल्यालाही नाही. बोलाविले तर पुरेसा वेळ द्यावा. पथकाच्या नायकाचे नाव आणि गाव निवेदनात सांगावे. बिदागी आधी ठरवून त्याच दिवशी हाती द्यावी, आणि तीत प्रवासखर्च व बुडालेली मजुरी धरावी. श्रोत्यांना वाद्याची दोन वाक्यांत ओळख करून द्यावी. आणि हे वाद्य तेथील लोकांच्या पूजेतले आहे, याचे भान ठेवून त्याचा वापर करावा. आपल्या धर्मविधीतील वाद्यांविषयी आपण जो आदर इतरांकडून अपेक्षितो, तोच आदर हा होय.

दुसरी गोष्ट याहून जवळची आहे. ज्या वीटभट्टीवरून आपण रोज जातो, तेथे विटा थापणारा एखादा तरुण कदाचित तारपकऱ्याचा नातू असेल. त्याची मजुरी वेळेवर मिळते का, त्याची मुले त्या महिन्यांत शाळेत जातात का, ही चौकशी करणे म्हणजेही तारप्याची काळजी घेणे आहे. कारण ते कुटुंब उचलीच्या कर्जातून मोकळे झाले, तरच त्यातील मुलाला आजोबांच्या शेजारी बसून दम साधण्याइतका वेळ मिळेल.

भिकल्या लाडक्या धिंडा यांना मिळालेली पद्मश्री ही एका दीर्घ साधनेची पावती आहे. नव्वदीपार माणसाला आपण आणखी काय देऊ शकतो? त्यांच्या हातातला तारपा घ्यावयाला पुढे आलेली दोन-चार पोरे, आणि ती पोरे गावात टिकतील अशी परिस्थिती. येत्या हंगामात नवे भात घरात येईल, तेव्हा जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर पुन्हा तारपा वाजेल. शक्य त्यांनी, निमंत्रण असेल तर, वर जाऊन तो ऐकावा. आणि साखळीत जागा मिळाली तर संकोच न करता पाऊल टाकावे.