पोर अजून बोलत नाही



या पानावर आपण बेणे, खत, पाणी हेच वाचता. आजचा विषय वेगळा आहे, पण लागणीच्या नोंदी घेत वस्त्यांवर फिरताना तो वारंवार समोर येतो. तीन वर्षांचं पोर अंगणात खेळतंय; हाकेला वळत नाही, बोलत नाही. विचारलं तर म्हातारी सांगते, "ह्येचा बा बी चार वर्साचा हुईस्तवर बोलला न्हवता." आणि त्या भरवशावर आणखी वर्ष जातं.

उसात नांग्या दिसल्या की आपण महिना-सव्वा महिन्यात भरून घेतो. उशिरा लावलेलं रोप शेजारच्या सावलीत मार खातं. भाषेच्या बाबतीत पहिली तीन वर्षं तशीच मोलाची.

वर्षाच्या मुलाने बोबडे आवाज काढावेत, बोटाने वस्तू दाखवावी. दीड वर्षापर्यंत सुटे शब्द यावेत आणि दोन वर्षांनी "पाणी दे" असे दोन शब्द जोडता यावेत. यात ते मागे असेल, किंवा येत असलेलं बोलणं थांबलं असेल, तर पहिली तपासणी कानाची. ताट वाजवून पाहणे ही तपासणी नव्हे! ताटाच्या आवाजाला वळणाऱ्या मुलालाही बोलण्यातले बारीक आवाज ऐकू येत नसतील. 'बेरा' ही तपासणी मूल झोपलेले असताना होते, अगदी तान्ह्याचीसुद्धा. कान चांगले निघाले तरी स्वमग्नता, बौद्धिक वाढ मागे असणे अशी कारणे असू शकतात. ती डॉक्टरांनीच ठरवावीत.

वाचा-उपचारतज्ज्ञ आठवड्यातून तासभर भेटणार, बाकीचा वेळ घरच्यांचाच. आपल्याकडे मायेपोटी पोराने मागायच्या आतच भाकरी हातात देतात. मग त्याने सांगावं कशाला? समोर, त्याच्या तोंडाच्या उंचीवर बसा. वाटी दाखवून "दूध?" म्हणा आणि थांबा. मनात दहापर्यंत मोजा. हे थांबणंच आपल्याला जड जातं. त्याने नुसतं पाहिलं, हात पुढे केला, "ऊ" केलं, तरी ते सांगणंच झालं. लगेच द्या आणि "दूध" हा शब्द आपण म्हणा. "आधी बोल, मग देतो" अशी अडवणूक मात्र नको. खुणांनी किंवा चित्रांनी बोलणं मागे पडतं ही समजूतही चुकीची. मोबाईलचं म्हणाल तर तो पोराच्या उत्तरासाठी थांबत नाही.

२०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात आरोग्य पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत मुलं तपासते आणि गरज असल्यास जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवते. मुंबईत वांद्र्याला १९८३ पासून अली यावर जंग यांच्या नावाची, वाचा व श्रवणदोषांसाठीची राष्ट्रीय संस्था आहे.

ऊसतोड मजुरांच्या मुलांचं अवघड. पथक गावाकडे येतं तेव्हा पोर इकडे फडात असतं. आपल्या रानात तोड चालू असताना कोपीवर असं मूल दिसलं, तर जवळच्या अंगणवाडी सेविकेला कळवा आणि मुकादमालाही सांगून ठेवा. तपासणीचे कागद त्या कुटुंबाबरोबर परत गावी गेले पाहिजेत.