क्वेकरांचा व्यापारधर्म

सतराव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्स यांच्या शिकवणीतून क्वेकर हा ख्रिस्ती पंथ उभा राहिला. प्रत्येक माणसात ईश्वराचा अंश आहे आणि बोलणे नेहमीच खरे असावे, असा त्यांचा विश्वास. म्हणून ते न्यायालयातही शपथ घेत नसत. शपथेवरच खरे बोलायचे, तर एरवीच्या बोलण्याला अर्थ काय उरला? या आग्रहाची किंमत त्यांनी मोजली. ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या पदव्या एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्यांना मिळत नसत, सरकारी पदेही दूर राहिली आणि शस्त्र धरणे तर त्यांनाच मान्य नव्हते. उरला तो मुख्यतः व्यापार.

व्यापारात त्यांनी पहिली गोष्ट केली ती एकच भाव सांगण्याची. घासाघीस म्हणजे आधी खोटी किंमत सांगणे, म्हणून ती वर्ज्य. लहान मूल दुकानात आले तरी फसणार नाही, ही खात्री गिऱ्हाइकांना पटली आणि धंदा वाढला. पण केवळ सद्भावनेवर हे टिकले नसते. पंथाच्या मासिक सभेत सभासदांच्या कर्जव्यवहाराची चौकशी होई आणि बेफिकिरीने दिवाळे काढणाऱ्याला पंथाबाहेर काढले जाई. खरी ताकद या देखरेखीत होती. बार्कलेज आणि लॉइड्स या बँकांचा उगमही क्वेकर घराण्यांतलाच.

याच पंथातल्या जॉन कॅडबरी यांनी १८२४ मध्ये बर्मिंगहॅमला दुकान काढले. दारूला पर्याय म्हणून चहा, कॉफी आणि कोको ते विकत. १८६१ मध्ये रिचर्ड आणि जॉर्ज या मुलांनी धंदा हाती घेतला तेव्हा तो डबघाईला आला होता. त्या काळी कोकोत स्टार्चची भेसळ सर्रास चाले. या भावांनी १८६६ मध्ये शुद्ध कोको बाजारात आणला. १८७९ मध्ये कारखाना शहराच्या कोंदट वस्तीतून बाहेर, बोर्नव्हिलला नेला. पुढे जॉर्ज यांनी शेजारी १२० एकर जमीन घेऊन बागेसह घरे बांधली आणि १९०० मध्ये ती वसाहत स्वतंत्र विश्वस्त संस्थेच्या हवाली केली. निवृत्तिवेतन निधी १९०६ चा. या मायेला पितृसत्तेची झाक होतीच: वसाहतीत दारूचे दुकान नव्हते आणि लग्न झालेल्या स्त्रीला कारखाना सोडावा लागे.

खरी कसोटी लागली ती पोर्तुगीजांच्या साओ तोमे बेटावर. तिथल्या कोकोच्या मळ्यांत कागदोपत्री करारावर, प्रत्यक्षात गुलामीत माणसे राबतात, हे १९०१ मध्ये याच घराण्यातल्या विल्यम कॅडबरी यांच्या कानावर आले. कंपनीने चौकशीसाठी माणूस पाठवला, पोर्तुगालशी बोलणी केली. तिथल्या कोकोची खरेदी मात्र १९०९ पर्यंत थांबली नाही. 'स्टँडर्ड' या वृत्तपत्राने ढोंगीपणाचा आरोप केला तेव्हा कंपनीने अब्रुनुकसानीचा दावा लावला. ज्यूरीने निकाल कंपनीच्या बाजूने दिला, भरपाई दिली एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी. निकाल कडू असला तरी न्याय्यच म्हणावा लागेल. दूरच्या मळ्यातल्या मजुरातही तोच ईश्वरी अंश होता आणि त्याच्यासाठी आठ वर्षे फार झाली.

१९६२ मध्ये कंपनीचे शेअर बाजारात आले, २०१० मध्ये अमेरिकन क्राफ्टने ती विकत घेतली. बोर्नव्हिलची घरे मात्र जॉर्ज कॅडबरी यांनी स्थापलेली विश्वस्त संस्थाच आजही सांभाळते.