मुशैरिबची मेट्रो आणि अलिबागची गाडी



कतारची राजधानी दोहा. तिथल्या मुशैरिब स्टेशनचं नाव, मुलं-नातवंडं आखातात असतील तर तुमच्या कानावर आलं असेल. मुशैरिब म्हणजे पाणी पिण्याची जागा. आज तिथे तहानेसाठी नाही, गाडी बदलण्यासाठी लोक थांबतात. झपाट्याने वाढणाऱ्या मुलखात रेल्वे कशी उपयोगी पडते, हे त्या एका स्टेशनवरून समजतं. आणि आपल्या कोकणालाही ते लागू आहे.

रेल्वेची गरज का पडली?

२००४ साली कतारची लोकसंख्या साडेसात लाखांच्या आत होती. २०१० मध्ये ती १७ लाखांच्या आसपास गेली आणि २०२० मध्ये २८ लाखांवर. सोळा वर्षांत जवळजवळ चौपट! सगळी भिस्त मोटारींवर, त्यामुळे रस्ते तुंबायला लागले. त्यातच २०२२ ची फुटबॉल विश्वचषक स्पर्धा जवळ येत होती. मेट्रोची पहिली गाडी ८ मे २०१९ ला धावली आणि त्याच वर्षअखेर लाल, सोनेरी व हिरवी अशा तिन्ही मार्गिका सुरू झाल्या. मिळून सुमारे ७६ किलोमीटर आणि ३७ स्टेशनं. गाड्यांना मोटरमन नाही, त्या आपोआप चालतात.

मुशैरिबला काय जमलं?

तिन्ही मार्गिका इथे एकत्र येतात. आपलं दादरच म्हणा ना! लाल मार्गिका उत्तरेला लुसैल, दक्षिणेला वाकरा गाठते, आणि तिचा एक फाटा विमानतळाला जातो. गाडी बदलायला लिफ्ट आणि सरकते जिने आहेत. फलाट आणि डब्याची जमीन एका पातळीत, म्हणून गुडघे दुखणाऱ्यांना पाय उचलून चढावं लागत नाही. साध्या वर्गाचं भाडं एका फेरीला २ रियाल. बऱ्याच स्टेशनांबाहेर जोडबस उभी असते, तीही फुकट. खरी मेख इथेच आहे. घरापासून स्टेशनपर्यंत जाता आलं नाही, तर चकाचक गाडी काय कामाची?

पण सगळं गोड नाही

मुशैरिबच्या जुन्या वस्तीत भारतीय, नेपाळी, पाकिस्तानी कामगार दाटीने राहत. पुनर्बांधणीत त्या इमारती पाडल्या गेल्या आणि त्यांना दूर जावं लागलं. शिवाय उत्तरेच्या अल खोरला आणि पश्चिमेच्या दुखानला अजून प्रवासी गाडी नाही. आराखड्यातली निळी मार्गिकाही धावायची आहे. गॅसचा पैसा असलेल्या देशाची ही गत!

आता आपल्याकडे बघू

रेल्वे आणि आपला समाज यांचं नातं जुनं आहे. मुंबईच्या मस्जिद स्टेशनचं नाव आपल्या शाआर हारहमीम या जुन्या मशिदीवरून पडलं, असं आपण मानतो. पण ज्या रायगडातून आपण आलो, तिथे काय आहे? पनवेलपर्यंत लोकल आहे. पुढे पेण-रोह्याला मोजक्याच गाड्या. अलिबागला प्रवासी गाडीच नाही.

गंमत बघा, पेणहून थळच्या खत कारखान्यापर्यंत रूळ आहेत! त्यावरून मालगाड्या जातात. थळच्या शेजारी नवगाव, जिथे आपल्या पूर्वजांची स्मशानभूमी आहे. प्रवासी गाडीची मागणी जुनीच आहे. त्यासाठी स्टेशनं, फलाट, सिग्नल, फाटकं आणि रेल्वे व कारखाना यांच्यात करार लागेल. नवे रूळ टाकण्यापेक्षा हे नक्कीच सोपं आहे.

आज नवगावला किंवा अलिबागच्या मागेन अबोथमध्ये जायचं, तर मांडव्याची बोट नाहीतर एस. टी. पावसाळ्यात गेटवेची बोट बंद. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला हा प्रवास झेपत नाही. मग मिनियानला दहा माणसं जमवणं कठीण होतं, पूर्वजांच्या कबरींना भेट राहून जाते.

म्हणून मागणी करताना नुसती "गाडी द्या" म्हणून थांबू नये. फलाट डब्याच्या पातळीला हवा, लिफ्ट हवी, आणि स्टेशनबाहेर नवगाव, अलिबाग, रेवदंड्याला जाणारी एस. टी. गाडीच्या वेळेला उभी हवी. वस्ती दाट व्हायच्या आत हे झालं, तर कुणाचं घरही मोडावं लागणार नाही.