न्हाणीतले दोन इंच पाणी

घराची पारख बैठकीवरून करण्याची आपली रीत आहे. वास्तविक घर बांधणाऱ्याची खरी परीक्षा होते ती न्हाणीघरात, आणि तेथेही कोपऱ्यातल्या त्या वीतभर जाळीखाली. कला महाविद्यालयाच्या वार्षिकांकात सांडपाण्यावर लेख पाहून काहींना हसू येईल. परंतु भाषेच्या विद्यार्थ्याला येथेही एक गंमत सापडते. जाळीखाली जे वाडग्यासारखे पात्र बसवतात, त्याला आपल्या देशातील स्थापत्याच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकांत ‘नहाणी ट्रॅप’ असेच नाव आहे. आपल्या आजीच्या तोंडचा ‘न्हाणी’ हा शब्द अभियंत्यांच्या नकाशात जाऊन बसला आहे. शब्द तेथवर पोचला. त्यामागचे शास्त्र मात्र आपल्या घरात अजून पुरते पोचलेले नाही.

जुन्या वऱ्हाडी घरात ट्रॅप नव्हता, आणि त्याची गरजही नव्हती. न्हाणीच्या दगडावरचे पाणी भिंतीतल्या मोरीतून मागच्या सांदवाडीत जाई व त्यावर केळी आणि धोप्याची पाने पोसली जात. शहरात ते उघड्या नालीत पडे. नालीला वास येई, पण तो मोकळ्या हवेत विरून जाई. पुढे सेप्टिक टँक आले, बंद गटारे आली आणि परिस्थिती पालटली. बंद जागेत घाण कुजते तेव्हा मिथेन, हायड्रोजन सल्फाइड असे वायू तयार होतात. ते वाट शोधतात. आणि पाणी खाली जाण्याची वाट हीच वायूला वर येण्याची वाट असते. म्हणजे पाण्याला जाऊ द्यायचे आणि वायूला अडवायचे, असा दुहेरी पेच उभा राहिला.

या पेचाचे उत्तर अतिशय साधे आहे. नळीला असा वाक द्यायचा की गेलेल्या पाण्यापैकी थोडे पाणी त्या वाकात मागे राहावे. हे उरलेले पाणी म्हणजेच वायूला लावलेले बूच. नवे पाणी आले की ते जुन्याला पुढे ढकलते आणि त्याची जागा घेते. अलेक्झांडर कमिंग या लंडनमधील घड्याळजीने १७७५ साली शौचकूपाचे पेटंट घेतले, त्यात असा वाक होता. आपल्या नहाणी ट्रॅपमध्ये वाकाऐवजी वाडगे असते, परंतु तत्त्व तेच. हे पाण्याचे बूच साधारणतः ५० मिलिमीटर, म्हणजे दोन इंच खोल असावे असा दंडक आहे. घर आणि गटार यांच्यामधली भिंत ती एवढीच!

आता आपल्या उन्हाळ्याकडे पाहा. मे महिन्यात अकोल्या-अमरावतीचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि हवा इतकी कोरडी की वाळत घातलेले धोतर हा हा म्हणता वाळते. सुटीत घर बंद करून मंडळी गावी जातात. वसतिगृहाच्या खोल्यांना कुलपे लागतात. अमरावतीला अप्पर वर्ध्याचे आणि अकोल्याला काटेपूर्णेचे पाणी मिळते खरे, पण उन्हाळ्यात पाणी जपून वापरावे लागते. मग घरातली दुसरी मोरी कोरडीच राहते. काही आठवड्यांत ट्रॅपमधले ते दोन इंच पाणी उडून जाते आणि बूच निघते. जूनमध्ये कुलूप उघडताच जो दर्प येतो, त्याला आपण ‘गटार तुंबले’ म्हणतो व फरशी फोडायला माणूस बोलावतो. वस्तुतः काहीही तुंबलेले नसते. दोन तांबे पाणी ओतले की काम भागते. गावी जाताना ट्रॅप भरून त्यावर थोडे खाद्यतेल सोडावे. तेलाचा थर बाष्पीभवन रोखतो.

म्हणून दुरुस्तीआधी निदान करावे. वास येतो पण पाणी सुरळीत जाते, तर बूच सुकले आहे. पाणी साचते, तर अडथळा आहे. बादली ओतताच ‘गुडगुड’ आवाज होऊन नंतर वास सुटतो, तर वेगाने जाणाऱ्या पाण्याने बूचही ओढून नेले असे समजावे. येथे दोष हवेच्या पाइपचा असतो. तो गच्चीपर्यंत नेलेला नसतो किंवा वर चिमण्यांनी घरटे केलेले असते. जाळीत अडकलेला केसांचा झुपका एका टोकाने पाण्यात व दुसऱ्या टोकाने पुढच्या नळीत लोंबत असला, तर तोही दिव्याच्या वातीप्रमाणे पाणी शोषून बूच रिकामे करतो.

अडथळ्याचे कारण आपल्याकडे थोडे निराळे आहे. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा अमरावती, अकोला व बुलडाणा या जिल्ह्यांत पसरला आहे. तेथील विहिरींचे पाणी खारट. त्याने बिडाचा ट्रॅप लवकर गंजतो. बोअरचे पाणी जड असले की साबणाचा फेस होत नाही, त्याऐवजी चिकट साका होतो. त्यात केस मिसळले की गोळा तयार! तो काढायला जाळी उचलावी, आतली वाटी बाहेर घ्यावी, हातमोजा घालून गाळ काढावा आणि मग बादलीभर पाणी एकदम सोडावे. वाटी परत बसवायला मात्र विसरू नये. ‘पाणी लवकर जाते’ म्हणून ती काढून फेकणारे लोक आहेत. ते बूचच फेकून देतात. तसेच ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र वापरू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेततो.

खालच्या मजल्याच्या छताला ओल आली, तर ट्रॅप आणि फरशी यांच्यामधला सांधा उघडला असे बहुधा समजावे. तेथील फरशी तेवढीच काढून, जागा सुकवून, जलरोधक मिश्रण घातलेल्या सिमेंटने सांधा भरावा. उतार जाळीकडे मीटरमागे एक ते दोन सेंटिमीटर ठेवावा आणि तोंड बंद करून चोवीस तास पाणी कोंडून पाहावे.

हेच तत्त्व घर चाकांवर चढले की अधिक कठीण होते. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. अशा गाडीत स्नानाची सोय असते, सांडपाण्याची टाकी गाडीच्या पोटात असते आणि ट्रॅपला जागा जेमतेम. गाडी चिखलदऱ्याच्या घाटात वळणे घेऊ लागली की बुचातले पाणी हिंदकळून सांडते. मुक्कामी पोचल्यावर ते पुन्हा भरावे लागते. पायाखालची प्लास्टिकची तबकडी लवते, धक्क्यांनी खालची चाकी सैल होते आणि पाणी झिरपू लागते. तेथे चाकी खालून आवळणे, रबराचा वायसर बदलणे आणि कडेला सिलिकॉन भरणे हीच दुरुस्ती. काही गाड्यांत पाण्याऐवजी रबरी ओठांची झडप बसवतात. ती पाणी जाताना उघडते व एरवी मिटलेली राहते.

एवढ्याशा बुचाचे एवढे कौतुक कशाला, असे कोणी विचारील. २००३ च्या मार्चमध्ये हाँगकाँगच्या ‘अमॉय गार्डन्स’ या वसाहतीत सार्स रोगाने तीनशेहून अधिक रहिवाशांना गाठले. तपासात जी कारणे पुढे आली, त्यांत न्हाणीघरातले सुकलेले ट्रॅप हे एक प्रमुख कारण होते. पंखा हवा बाहेर ओढी आणि रिकाम्या ट्रॅपमधून दूषित तुषार घरात येत. तांब्याभर पाण्याची ही किंमत!

शिवाय जाळीखाली आपण जे ढकलतो, ते पुढे कोणाच्या तरी वाट्याला येते. गटारात व सेप्टिक टँकमध्ये संरक्षणाशिवाय माणूस उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. तरीही त्या वायूंनी गुदमरून माणसे मेल्याच्या बातम्या थांबलेल्या नाहीत. जो वायू आपल्या घरात येऊ नये म्हणून आपण दोन इंच पाणी राखतो, त्याच वायूत तो माणूस उतरतो. केस, चिंध्या आणि पिशव्या जाळीवरच अडवल्या, तर त्याला बोलावण्याची वेळच पुष्कळदा टळेल.

आपल्या विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे, त्या गाडगेबाबांनी गावात शिरताच आधी खराटा हाती घेतला आणि कीर्तन मागाहून केले. त्यांच्या नावाची पदवी घेणाराने निदान आपल्या न्हाणीची जाळी स्वतः उचलावी, एवढी अपेक्षा फार मोठी नाही. येत्या उन्हाळ्यात कुलूप लावण्यापूर्वी मोरीत दोन तांबे पाणी ओतावे. आणि ज्या खोलीत कोणी राहत नाही, तेथे तर आठवणीने ओतावे.