एका जिन्याचें घर

शहराच्या मध्यभागीं दोन इमारतींमध्यें उरलेल्या चिंचोळ्या जागेवर पांचसहा मजली घर उठवावयाचें, तर अडचण जिन्याची येते. अमेरिकेंत सामान्यतः तीन मजल्यांहून उंच बिऱ्हाडांच्या इमारतीस दोन जिने सक्तीचे. ते व त्यांना जोडणारा बोळ यांतच जागा संपते; शिवाय बोळालगतच्या बिऱ्हाडांना खिडक्या एकाच अंगास. सिॲटल शहरानें मात्र तळमजला धरून सहा मजल्यांपर्यंत एक जिना चालवून घेतला आहे. अट अशी कीं, मजल्यावर चारांहून अधिक बिऱ्हाडें नकोत आणि आग लागतांच आपोआप पाणी फवारणारे नळ हवेत. वाड्याचा अंधारा लांकडी जिना ज्यांनीं पाहिला आहे, त्यांस आगीची धास्ती सांगावयास नको. तरीही ही तडजोड आम्हांस रास्त वाटते. दोहों बाजूंनीं वारा खेळेल असें ऐसपैस बिऱ्हाड याच रीतीनें निघतें, व आजोबांना नातवंडांसह शहरांतच राहतां येतें.