शकुंतला लेट आहे!

रत्नागिरीकरांना रेल्वेचं कौतुक वेगळं सांगायला नको. 'कोकणात गाडी येणार' हे ऐकतच आपली आधीची पिढी म्हातारी झाली. २६ जानेवारी १९९८ला कोकण रेल्वेचा अख्खा मार्ग सुरू झाला, आणि वीकएंडला घरी येणं म्हणजे रात्रीची एक झोप, एवढं सोपं झालं.

वऱ्हाडात नेमकं उलटं घडलं, बॉस! तिथे गाडी शंभर वर्षांपूर्वीच आली आणि आपल्या डोळ्यांदेखत गेली.

तिचं नाव शकुंतला. मूर्तिजापूर जंक्शनहून एक फाटा यवतमाळला, दुसरा अचलपूरला. मिळून सुमारे १९० किलोमीटर आणि दोन रुळांमधलं अंतर फक्त अडीच फूट. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने हा मार्ग उभारला तो वऱ्हाडातला कापूस मुख्य लाइनवर, तिथून मुंबई बंदरात आणि पुढे मँचेस्टरच्या गिरण्यांत पोचवायला. माणसांची सोय हा बोनस.

गंमत म्हणजे स्वातंत्र्यानंतर देशातल्या रेल्वे सरकारच्या झाल्या, पण हे रूळ कंपनीच्याच नावावर राहिले. गाडी सरकार चालवणार, मालकी कंपनीची. चक्क भाड्याचं घर! मालक आणि भाडेकरू यांच्यात डागडुजीचं घोंगडं भिजत पडलं.

१९९४ला वाफेचं इंजिन जाऊन डिझेलचं आलं, तरी वेग जेमतेम ताशी वीस किलोमीटर. छोट्या स्टेशनांवर तिकीटखिडकीसुद्धा नव्हती, गार्डच तिकिटं द्यायचा. हसू येतं ना? पण तिकीट एसटीपेक्षा कितीतरी स्वस्त होतं. ज्याची मजुरीच रोजची, त्याला वेळेपेक्षा पैसा महाग असतो.

२०१६मध्ये तेव्हाचे रेल्वेमंत्री सुरेश प्रभू, म्हणजे आपल्या राजापूरचे माजी खासदार, यांनी हा मार्ग ब्रॉडगेज करण्याची घोषणा केली. पण रुंद रूळ येण्याआधीच अरुंद रुळांवरची गाडी थांबली. २०२० संपेपर्यंत दोन्ही फाटे शांत झाले होते. मग गावच्या स्टेशनात उरतं काय? पाटीवरचं नाव आणि रुळांत वाढलेलं गवत.

मुंबईहून येताना रत्नागिरीच्या आधी उक्षी आणि भोके लागतात. आपली एक्स्प्रेस तिथे थांबली नाही म्हणून आपलं काहीच अडत नाही. पॅसेंजर थांबली नाही, तर मात्र कुणाचं तरी अडतं. पुढच्या वेळी मोबाइलमधून मान वर काढून त्या पाट्या जरूर वाचा.